उडवाउडवीची उत्तरे

वसईच्या न्यायालयात रिमांडची कामं निघतात तेव्हा दाराशी गर्दी होते. कुणाची आई डबा घेऊन उभी असते, कुणाचा मेहुणा वकील शोधत फिरत असतो, आणि दोन हवालदारांच्या मधे कालच्याच कपड्यांतला, डोळ्यांत झोप साचलेला एखादा पोरगा. आत न्यायाधीशांपुढे पोलिसांचा रिमांड अर्ज जातो. त्याचा शेवटचा परिच्छेद मला आता पाठ झालाय: ‘सदर आरोपी हा तपासात सहकार्य करीत नसून उडवाउडवीची उत्तरे देत आहे, सबब त्याची सात दिवसांची पोलीस कोठडी मिळणेस विनंती आहे.’ गुन्हा मोबाइल चोरीचा असो, फ्लॅटच्या फसवणुकीचा असो की चाळीतल्या मारामारीचा, हे वाक्य असतंच. नाव, कलम आणि दिवसांचा आकडा तेवढा बदलतो.

या एका वाक्याभोवतीच हा लेख आहे. अटक झाल्यावर किती बोलायचं, काय नाकारायचं आणि काय मुकाट्याने द्यायचं, हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं त्याचे पहिले दोन दिवस बरे जातात. आपल्याकडे ते कुणालाच ठाऊक नसतं. कारण ‘आपल्यावर कशाला अशी वेळ येईल?’ असं जो तो समजतो. विरार लोकलमधल्या धक्काबुक्कीवरून, सोसायटीच्या पार्किंगवरून, मित्राला उधार दिलेल्या बँक खात्यावरून लोक लॉकअपमध्ये गेलेले मी पाहिलेत. त्यातले बरेच जण तुमच्या-माझ्यासारखेच होते.

‘सहकार्य’ म्हणजे काय नव्हे

राज्यघटनेचं कलम २०(३) म्हणतं की कुठल्याही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. हे संरक्षण फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर नव्हे, पोलीस ठाण्यातल्या खुर्चीवरही लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी प्रकरणात सांगितलं. ओडिशाच्या त्या माजी मुख्यमंत्र्यांनी पोलिसांच्या लेखी प्रश्नावलीची उत्तरं द्यायला नकार दिला होता. ‘उत्तर दिलं नाही’ म्हणून त्यांच्यावर वेगळा खटला भरला गेला आणि तो पुढे टिकला नाही.

मग रिमांड अर्जातलं ते वाक्य? त्याचंही उत्तर झालेलं आहे, आणि तेही महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत. संतोष फाफट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. तपास अधिकाऱ्याचं म्हणणं असं की हा माणूस तेच तेच सांगतोय, मी धान्य घेतलंच नाही म्हणतोय, म्हणजे सहकार्य करत नाही. न्यायालयाने उत्तर दिलं की कबुली दिली नाही एवढ्यावरून असहकार ठरत नाही, आणि कोठडी ही कबुली मिळवण्यासाठी नसते.

दुसरं प्रकरण जास्त गाजलं. आयसीआयसीआय बँकेच्या माजी प्रमुख चंदा कोचर आणि त्यांचे पती दीपक कोचर यांना सीबीआयने २३ डिसेंबर २०२२ रोजी अटक केली. अटकेच्या कागदावर कारण लिहिलेलं होतं ते हेच: सहकार्य करत नाहीत, खरी आणि पूर्ण माहिती देत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी त्यांना अंतरिम जामिनावर सोडलं आणि ६ फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम निकालात ती अटक बेकायदा ठरवली. गप्प राहण्याचा हक्क वापरणं म्हणजे असहकार नव्हे, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. ‘मोठ्या लोकांना मिळतं हो, आम्हाला कोण विचारतं’ असं कुणी म्हणेल. खरं आहे, त्यांच्याकडे महागडे वकील होते. पण निकाल त्यांच्या एकट्यांच्या मालकीचा नाही. त्याची झेरॉक्स वसईच्या कोणत्याही रिमांड अर्जाच्या उत्तराला जोडता येते, आणि जोडावीच.

आता दुसरी बाजू, कारण अर्धवट माहिती घेऊन पोलिसांशी हुज्जत घालणाऱ्यांचं मी भलं झालेलं पाहिलेलं नाही. गप्प राहण्याचा हक्क हा तोंडाचा हक्क आहे, हातापायांचा नाही. पोलीस अटक करायला आले असता हिसडा मारून पळणं, गाडीत बसायला नकार देणं, अंगावर धावून जाणं, कागद फाडणं, हे सगळे वेगळे गुन्हे आहेत. मूळ गुन्हा जामीनपात्र असला तरी ‘सरकारी कामात अडथळा’ हे भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ मागून जोडलं जातं आणि मग जामिनासाठी धावाधाव होते. असहकार शब्दांपुरता ठेवा. तोही नम्र शब्दांत.

रात्रीचा फोन

नालासोपारा पूर्वेहून एका वहिनींचा फोन आला होता, रात्री सव्वाएक वाजता. नवऱ्याला ‘चौकशीला’ म्हणून दुपारी चारला नेलंय, अजून सोडलेलं नाही, अटकही दाखवलेली नाही. ठाण्यातले म्हणतात, बसवून ठेवलंय. त्यांच्याबरोबर आलेले चुलत सासरे आतल्या बाकावर नवऱ्याच्या शेजारी बसून त्याला समजावत होते: “अरे, साहेब भला माणूस दिसतोय. सांगून टाक ना सगळं एकदाचं. सोडतील.”

मी वहिनींना तीन गोष्टी सांगितल्या. काकांना बाहेर बोलवा, आणि त्यांना चहा पाजा. ठाणे अंमलदाराला नम्रपणे विचारा की यांना अटक केलीय का, केली असेल तर किती वाजता, आणि स्टेशन डायरीत नोंद आहे का. त्यांचं उत्तर काय आलं आणि घड्याळात किती वाजलेत, हे फोनवरून मला मेसेज करून ठेवा. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. असा मेसेज म्हणजे वेळेची नोंद असते. पुढे कोर्टात ‘अटक पहाटे पाचला’ असा कागद आला तर दुपारी चारपासूनचा हिशेब मांडायला तो उपयोगी पडतो.

‘बसवून ठेवणं’ ही कायद्यात नसलेली गोष्ट आहे. माणूस उठून घरी जाऊ शकत नसेल तर ती अटकच, मग कागदावर वेळ काहीही लिहोत. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्ये अशक हुसेन प्रकरणात हे सांगितलं: अटक सुरू होते ती हालचाल रोखली गेल्याच्या क्षणी, अधिकारी लिहील त्या क्षणी नव्हे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याची जी मर्यादा घटनेच्या कलम २२(२) मध्ये आहे, तिचं घड्याळ तिथून चालू होतं. फक्त प्रवासाचा वेळ वगळतात, आणि वसई तालुक्यातल्या बहुतेक ठाण्यांहून वसई कोर्ट तासा-दीड तासाच्या आत आहे.

मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालं. त्याआधी आपण पालघर ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतो. आयुक्तालयामुळे एक फरक पडला तो असा की कायद्यात जिथे उपअधीक्षकाची परवानगी लागते तिथे आता सहायक आयुक्तांची लागते. उदाहरणार्थ, तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा आजारी-अशक्त माणसाला अटक करायची तर ही परवानगी आधी हवी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(७). घरातल्या आजोबांना न्यायला कुणी आलं तर हे विचारा. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी आणावी लागते. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही.

आणि व्हिडिओ कॉलवरून कुणी खाकी गणवेशात ‘तुम्हाला डिजिटल अटक केलीय’ म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. असली अटक कायद्यात नाही. नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. प्रत्यक्ष हातात दिलेल्या नोटिशीची गोष्ट वेगळी. कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस आली तर जा, वेळेवर जा, हजेरीची नोंद करून घ्या. नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. न पाळणाऱ्याला अटक करणं सोपं असतं. जो नोटीस फाडून टाकतो तो स्वतःच रिमांड अर्जातलं ते वाक्य खरं करून देतो.

विरारची एक अटक

७ जुलै २०२४ च्या पहाटे वरळीत एका बीएमडब्ल्यू गाडीने स्कूटरवरून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी दाम्पत्याला उडवलं. पत्नीचा मृत्यू झाला. दोन दिवसांनी, ९ जुलैला, या प्रकरणातल्या मुख्य आरोपीला पकडलं ते आपल्या विरारमध्ये. त्या वेळी सगळीकडे चर्चा होती ती गाडीची, दारूची आणि राजकीय लागेबांध्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच अटकेतून एक कायद्याचा प्रश्न वर गेला: अटकेची कारणं आरोपीला लेखी दिली नाहीत तर काय? उच्च न्यायालयात त्याला यश आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात जो नियम घालून दिला तो त्या आरोपीपेक्षा कितीतरी अधिक लोकांच्या उपयोगाचा आहे.

नियम असा. गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तातडीच्या प्रसंगी आधी तोंडी सांगितली तरी चालतील, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात.

‘समजणाऱ्या भाषेत’ हे शब्द वसई-विरारमध्ये फार मोलाचे आहेत. आपल्याकडे ठाण्यातला कागद मराठीत तयार होतो. पण लॉकअपमधला माणूस भोजपुरी बोलणारा असेल, गुजराती असेल, पेल्हारच्या कारखान्यात काम करणारा बंगाली असेल, नालासोपाऱ्यात राहणारा आफ्रिकेतला परदेशी नागरिक असेल. पश्चिम पट्ट्यातल्या आपल्या कादोडी आणि वाडवळी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांनाही पोलिसी मराठी, ते ‘सदर’, ‘नमूद’, ‘उपरोक्त’, निम्मं कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कागद कळत नसेल तर तसं सांगा. सही मागितली तर सहीखाली लिहा: ‘मजकूर समजावून सांगितला नाही.’ तेवढी एक ओळ पुरते.

आणखी एक बारकावा. ‘अमुक कलमाखाली अटक केली’ म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. तुम्ही नेमकं काय केल्याचा संशय आहे, कधी, कुठे, हे त्यात हवं. छापील फॉर्मवरच्या ‘पुरावा नष्ट करण्याची शक्यता’, ‘पळून जाण्याची शक्यता’ या चौकटींवरच्या खुणा म्हणजेही कारण नव्हे. त्या चौकटी सगळ्यांसाठी सारख्याच असतात.

गप्प कसं राहायचं

गप्प राहायचं म्हणजे मख्ख चेहऱ्याने भिंतीकडे बघत बसायचं नाही. नाव, पत्ता, वय, नातेवाइकाचा फोन, आजार, चालू औषधं हे सांगायचं. नाव-पत्ता लपवणं किंवा खोटं सांगणं याने तर अदखलपात्र गुन्ह्यातही अटक ओढवते. त्यापुढचे प्रश्न सुरू झाले की एकच वाक्य: “साहेब, मला माझ्या वकिलांशी बोलायचंय. तोपर्यंत घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे मी गुन्ह्याबद्दल काही सांगणार नाही.” हे एकदा, शांतपणे. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. आवाज चढवायचा नाही, कायद्यावर व्याख्यान द्यायचं नाही.

या वाक्यापेक्षा अवघड असतं ते पुढचं: मधेच बोलायला न लागणं. साहेब चहा मागवतात, घरच्यांची चौकशी करतात, ‘तुझ्या मित्राने तर सगळं तुझ्यावर ढकललंय’ म्हणतात, आणि माणूस भडाभडा बोलायला लागतो. निम्मं बोलून निम्मं गप्प राहणं हे सगळ्यात वाईट. त्याहून वाईट एकच, ते म्हणजे खोटं बोलणं. ‘मी त्या रात्री दादरला होतो’ असं सांगितलं आणि टॉवर लोकेशन विरारचं निघालं, की तुमचं खरंही खोटं वाटायला लागतं. गप्प राहिलेल्या माणसाविरुद्ध तपासाला काहीतरी शोधावं लागतं. खोटं बोललेल्याने ते आयतं दिलेलं असतं.

वकिलाला चौकशीच्या वेळी भेटण्याचा हक्क नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे, पण वकील पूर्णवेळ शेजारी बसू शकत नाही, हेही त्याच कलमात आहे. पैसे नसतील तर? कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या माणसासाठी उत्पन्नाची अट नाही. वसईत यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे.

रात्रभर प्रश्न विचारून माणूस थकवण्याची पद्धत जुनी आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राम इसरानी या ज्येष्ठ नागरिकाच्या प्रकरणात झोपेच्या हक्काबद्दल बोलताना ईडीला सुनावलं की जबाब दिवसाउजेडी घ्या, रात्री साडेतीन वाजेपर्यंत नको. अर्थात त्याच निकालात त्यांची अटक बेकायदा ठरली नाही. ठाण्यातल्या लॉकअपमध्ये हा निकाल कुणी वाचून दाखवणार नाही, पण रात्री किती वाजेपर्यंत बसवलं ते लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वकिलाला सांगा.

जे द्यावंच लागतं

बोटांचे ठसे, फोटो, उंची, ओळख परेड यांना नकार देऊ नका. १९६१ मध्ये काठी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी ठरवलं की ठसे किंवा हस्ताक्षर देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे. डॉक्टरमार्फत रक्त, केस वगैरे नमुने घेताना वाजवी बळ वापरायची मुभाही पोलिसांना आहे. आवाजाचा किंवा हस्ताक्षराचा नमुना मात्र दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने घेतात. तो आदेश पाहायला मागा.

नार्को चाचणी हा वेगळा प्रकार. सर्वोच्च न्यायालयाच्या ५ मे २०१० च्या सेल्वी निकालानुसार आरोपीच्या संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येत नाही, आणि ती संमती दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवावी लागते. आपल्या वसईच्या श्रद्धा वालकरच्या हत्येच्या प्रकरणात, ज्याची पहिली तक्रार माणिकपूर पोलिसांकडे आली होती, आरोपीची नार्को चाचणी डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत झाली ती त्याने संमती दिल्यावर. टीव्हीवर त्या आठवडाभर जणू ती चाचणी म्हणजेच निकाल असं चाललं होतं. चाचणीतलं बोलणं स्वतंत्रपणे पुरावा म्हणून चालत नाही.

मोबाइलच्या पासवर्डबद्दल न्यायालयांची मतं अजून एक झालेली नाहीत. कर्नाटक उच्च न्यायालयाने एका दिशेने सांगितलं, दिल्लीत दुसऱ्या. फोन पोलीस जप्त करतील, त्याला विरोध करू नका. पासवर्डचं उत्तर वकिलाला विचारूनच द्या.

निवेदन पंचनामा

या लेखातलं काही विसरलात तरी हे विसरू नका.

पोलिसापुढे दिलेली कबुली आपल्या कायद्यात पुरावा होत नाही. १८५५ साली मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलिसांकडून होणाऱ्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला होता. त्यानंतर इंग्रजांनीच कायद्यात हे बंधन घातलं आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कायम झालं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ म्हणून आलंय. म्हणून ठाण्यात कुणी ‘कबुलीजबाबावर सही कर’ म्हणालं तर त्या कागदाला कोर्टात किंमत नाही. शिवाय तपासातल्या जबाबावर सही घेताच येत नाही, हेही कायद्यातच आहे.

पण या नियमाला एक मोठं भगदाड आहे. कोठडीत तुम्ही काही सांगितलं आणि त्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला त्या वस्तूशी थेट संबंध असलेला भाग पुरावा म्हणून येतो. त्यासाठी दोन पंचांसमोर जो कागद होतो त्याला ठाण्यात ‘मेमोरंडम’ किंवा निवेदन पंचनामा म्हणतात. ‘मी लपवलेला कोयता अर्नाळ्याच्या खाजणात दाखवून देतो.’ यातलं ‘मी लपवलेला’ आणि ‘दाखवून देतो’ हे शब्द जन्मठेपेच्या प्रकरणात निर्णायक ठरू शकतात. कोऱ्या कागदावर सही म्हणूनच नाही. पंच तुमच्या समोर नसतील, तुम्ही न बोललेलं लिहिलं असेल, तर सहीखाली तसं लिहा. लिहू दिलं नाही तर पहिल्या संधीला न्यायाधीशांना सांगा.

शिवाय संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याखाली उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा होते, आणि ईडी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली (पीएमएलए) जे जबाब घेते तेही वेगळ्या मापाने मोजले जातात. अशी कलमं लागली असतील तर वकिलाशिवाय एक शब्दही नको.

जपानची कोठडी

पोलिसापुढची कबुली न चालणं हा आपल्या कायद्याचा गुण नीट दिसतो तो जपानकडे पाहिल्यावर. गप्प राहण्याचा हक्क तिथेही घटनेतच आहे, कलम ३८. पण पोलिसांचे ४८ तास, सरकारी वकिलाचे २४ तास, मग न्यायाधीशाने दोनदा दहा-दहा दिवस वाढवलेली कोठडी, असे आरोपपत्र येईपर्यंत २३ दिवस होतात. त्या काळात जामीन नाही. वेगळ्या आरोपाखाली पुन्हा अटक केली की मोजणी पुन्हा एकपासून. वकिलाला चौकशीच्या खोलीत बसायचा हक्क नाही. आणि तिथे पोलिसांपुढे सही केलेला जबाब न्यायालयात चालतो. म्हणून गप्प राहणाऱ्याकडून तो मिळेपर्यंत कोठडी लांबवायची, या पद्धतीला तिथलेच टीकाकार ‘ओलीस न्याय’ म्हणतात. इवाओ हाकामादा या माजी बॉक्सरने १९६६ मध्ये जवळजवळ वीस दिवसांच्या चौकशीनंतर खुनाची कबुली दिली. न्यायालयात त्याने ती लगेच नाकारली, तरी फाशीची शिक्षा झाली. निर्दोष सुटका झाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये, वय ८८.

आपल्याकडे साधारण गुन्ह्यांत पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून जास्त मिळत नाही. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने एक बदल केलाय तो लक्षात ठेवा. पूर्वी हे पंधरा दिवस पहिल्या पंधरवड्यातच संपायचे. आता ते पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येतात. न्यायालयीन कोठडी मिळाली, आता पोलिसांकडून सुटलो, असं घरच्यांनी लगेच समजू नये.

‘काही तक्रार आहे का?’

पहिल्या रिमांडला न्यायाधीश आरोपीकडे बघून विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” हवालदार शेजारीच उभा असतो. रात्री परत त्याच लॉकअपमध्ये जायचं असतं. शंभरातले नव्वद जण मान खाली घालून म्हणतात, “नाही साहेब.” आणि ‘आरोपीची तक्रार नाही’ अशी ओळ रोजनाम्यात जाते. ती ओळ पुढे कुणालाच पुसता येत नाही. मार खाल्ला असेल तर हीच जागा, हीच वेळ. त्याच्याही आधी डॉक्टरला सांगायचं. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी बऱ्याचदा दोन मिनिटांत उरकतात, डॉक्टर ‘काही त्रास?’ विचारतात आणि पुढचा नंबर बोलावतात. त्या दोन मिनिटांत शर्ट वर करून दाखवायचं. त्या अहवालाची प्रत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. कबुलीसाठी दुखापत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० प्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, करणारा कुणीही असो. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग १८ महिने जपून ठेवावं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. वकिलाकडून ते जतन करण्याचा अर्ज लगेच करून घ्या. महिन्याभराने अर्ज केला की कॅमेरा नेमका बंद असतो.

कबुलीसाठी पोलीस दंडाधिकाऱ्याकडे नेत असतील तर तिथेही नाही म्हणता येतं. तुमच्यावर सक्ती नाही हे दंडाधिकाऱ्याने तुम्हाला समजावून सांगायचंच असतं, आणि तुम्ही नकार दिलात तर त्यावरून तुम्हाला परत पोलीस कोठडीत पाठवता येत नाही.

त्या नालासोपाऱ्याच्या वहिनींच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी रिमांडला आणलं. अर्जात तेच वाक्य होतं, उडवाउडवीची उत्तरे. न्यायाधीशांनी विचारलं, नेमकं काय विचारलं आणि याने काय उत्तर दिलं? तपासी अंमलदाराकडे ते लिहिलेलं नव्हतं. सातऐवजी एक दिवस कोठडी मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी जामीन. काका अजूनही म्हणतात की त्या रात्रीच सांगून टाकलं असतं तर तेव्हाच सोडलं असतं.

मोफत कायदेशीर मदतीचा देशभराचा क्रमांक १५१०० आहे. तो बायकोच्या, भावाच्या, आईच्या फोनमध्येही साठवून ठेवा. अटकेनंतर पहिला काढून घेतात तो फोन तुमचा असतो.